पोथी विसर्जित करावी की जपावी?

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी ही परंपरा पिढ्यानपिढ्या चालवली आहे. रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाची सगळी चित्रे मिळून एक पोथी होते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. पहिले चित्र गणपतीचे, मग सरस्वतीचे. कथेकरी एकेक पान श्रोत्यांसमोर उभे धरतो, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने तो प्रसंग गातो, निरूपण करतो आणि पुढचे पान घेतो. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही येतो.

ही पोथी पूज्य मानली जाते. म्हणून ती जीर्ण झाली की टाकून न देता पाण्यात विसर्जित करण्याची रीत होती. आज तीच जीर्ण पाने वस्तुसंग्रहालयात जपली जातात. या दोन्हींत धर्माला धरून काय आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

विसर्जनामागचा विचार स्पष्ट आहे. पार्थिव गणपतीत आवाहनाने देवत्व येते आणि उत्तरपूजेनंतर ती माती पुन्हा माती होते. राजस्थानात पाबूजी या लोकदेवतेची जीर्ण झालेली फड, म्हणजे कथाचित्रांचा कापडी पट, पुष्करच्या सरोवरात सोडतात, त्याला ‘ठंडी करणे’ म्हणतात. पावित्र्य रंगाला किंवा कागदाला कायमचे चिकटलेले नसते, ते विधीने येते आणि विधीने जाते. मात्र या विचारात एक गोष्ट गृहीत आहे: जुनी पोथी पाण्यात गेली तरी नवी चितारणारा हात आणि गाणारा गळा घरात आहे. तो नसेल, तर विसर्जनाने कागदाबरोबर आख्यानही बुडते. अशा काळात जुनी पाने राखणे हा अधर्म नव्हे. परंपरेला आज त्याचीच गरज आहे. पिंगुळीतले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच संग्रहालय उभारले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तरीही काचेआडची पोथी अर्धीच असते. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे, आणि चित्रकथीत श्रोता हा विधीचाच भाग असतो. चित्रांचे फोटो काढून पुढच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघणाऱ्या पर्यटकाला रेषा दिसते, रंग दिसतात. ज्या कथेसाठी ही चित्रे काढली, ती त्याच्या कानावर पडत नाही. आणि ऐकणारेच उरले नाहीत, तर घरातली तरुण मुले ही आख्याने पाठ तरी कशासाठी करतील?

कोकणात जाणाऱ्यांनी पिंगुळीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. आधी कळवून जावे, एक आख्यान बसून पुरते ऐकावे आणि कलावंताला त्याची योग्य बिदागी द्यावी.