हाताला काम देणारा सिनेमा

पाहिलेला सिनेमा पुन्हा पाहायला माणूस तिकिटाचे पैसे का मोजतो? गोष्ट त्याला ठाऊक असते आणि शेवटही ठाऊक असतो. कोण कुणाला फसवणार आणि कोण कुठे रडणार, हे तो शेजाऱ्याला आधीच सांगू शकतो, बहुतेक वेळा सांगतोही. तोच सिनेमा घरात टीव्हीवर वरचेवर लागतो, फोनवर तर मध्यरात्रीही मिळतो. तरी काही सिनेमे असे असतात, की ते थिएटरात लागले म्हटल्यावर माणसं घराबाहेर पडतात. ‘कल्ट’ म्हणतात ते यांनाच.

आपल्याला यात फारसं नवल वाटायला नको. कीर्तनात हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे न कळल्यामुळे कुणी जागत बसत नाही. बुवा कथेच्या कुठल्या वळणावर थांबणार आणि टाळ कधी वाजणार, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि माहीत असतं म्हणूनच तिथे आपल्यालाही काही करता येतं. पहिल्यांदा पाहताना माणूस गोष्टीच्या मागे असतो. गोष्ट पाठ झाली की त्याचे हात मोकळे होतात. या मोकळ्या हातांना जो सिनेमा काम देतो तो टिकतो, एवढंच मला या लेखात उलगडून पाहायचं आहे.

निमित्त भाईंदरच्या गोडदेव नाक्यावरचं. चहा पिताना दोन पोरं मला त्यांचा बेत सांगत होती: एखादा हॉल भाड्याने घ्यायचा, जुना गाजलेला सिनेमा लावायचा आणि त्या सिनेमाला शोभेल असं जेवण द्यायचं. परदेशात असं चालतं, मग भाईंदरमध्ये का नको? बेत वाईट नव्हता. पण अर्धा तास सगळं बोलणं चाललं होतं ते पदार्थांच्या नावांवर. अमुक डायलॉगचा बर्गर, तमुक खलनायकाचं सरबत. मी म्हटलं, “नावं राहू द्या. लोक तिथे येऊन करणार काय?” पोरं म्हणाली, “काका, खाणार आणि पाहणार.” घोटाळा इथेच आहे, आणि तो समजून घ्यायला १९७५ सालात जावं लागतं.

३० मे १९७५ रोजी ‘जय संतोषी माँ’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक विजय शर्मा, संतोषी मातेच्या भूमिकेत अनिता गुहा, भक्त सत्यवती म्हणजे कानन कौशल, गाणी कवी प्रदीप यांची, संगीत सी. अर्जुन यांचं, आरतीला आवाज उषा मंगेशकरांचा. नट मोठे नाहीत आणि खर्चही बेताचाच. पुढे जे झालं ते कुठल्याही प्रसिद्धीखात्याला सुचलं नसतं. बाया चपला बाहेर काढून थिएटरात शिरू लागल्या. पडद्यावर आरती सुरू झाली की खाली ताटांत दिवे पेटू लागले. पडद्यावर नाणी, फुलं, अक्षता पडू लागल्या. काही थिएटरांच्या आवारात छोटी देवळंच उभी राहिली, आणि खेळ संपल्यावर गूळ-चण्यांचा प्रसाद वाटला जाऊ लागला.

या गूळ-चण्यांपाशी जरा थांबायला हवं. संतोषी मातेच्या व्रतात गूळ-चणे लागतात आणि आंबट वर्ज्य असतं. सोळा शुक्रवार करणारी बाई त्या दिवशी आंबट खात नाही, हातही लावत नाही. सिनेमात सगळा अनर्थ ओढवतो तोही उद्यापनाच्या जेवणात जावांनी कपटाने आंबट मिसळल्यामुळे. म्हणजे पडद्यावर ज्या पदार्थावर कथा फिरते, त्याचा विधिनिषेध खुर्चीतली बाई स्वतः त्याच दिवशी पाळत असते. शुक्रवारच्या खेळाला कँटीनमधल्या चिंचेच्या चटणीचं काय होत असेल, हा विचार मला नेहमी गमतीचा वाटतो. सिनेमाशी इतकं घट्ट बांधलेलं खाणं आजवर कुठल्याही मेन्यूकार्डाला जमलेलं नाही, आणि ते कुठल्या थिएटरमालकाने ठरवलेलं नव्हतं. ते घरून आलं होतं.

त्याच साली, १४ ऑगस्टला लंडनमध्ये ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ लागला. (दुसऱ्या दिवशी आपल्याकडे ‘शोले’. त्या आठवड्याची पत्रिका कुणीतरी मांडायला हवी.) ‘रॉकी हॉरर’ हा चावट, विचित्र, गाण्यांनी भरलेला सिनेमा. अमेरिकेत तो आधी आपटला. मग १९७६च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि तीच तीच माणसं दर आठवड्याला येऊ लागली. ती पात्रांसारखे कपडे करून येत आणि संवादांच्या मधल्या रिकाम्या जागांत ओरडून उत्तरं देत. सुरुवातीला लग्नाचा प्रसंग येतो, तेव्हा तांदूळ उधळत. पुढे एक पात्र पेला उंचावून ‘टोस्ट’ म्हणतं, तेव्हा पडद्याच्या दिशेने भाजलेल्या पावाचे तुकडे फेकत. हा प्रकार आजही जगात ठिकठिकाणी चालू आहे.

एकीकडे भाविक बाया, दुसरीकडे जाळीचे मोजे घातलेले न्यूयॉर्कचे तरुण. दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर दोघांनीही कानांवर हात ठेवले असते. पण दोघांच्याही मुठीत तांदूळच होते, आणि ते पडद्याकडेच उडत होते. दोन्हीकडे खाण्याचा पदार्थ पोट भरायला आणलेला नाही. सिनेमाच्या एका ठरलेल्या क्षणी हाताने काहीतरी करायचं आहे, त्यासाठी तो आणला आहे. हे करताना शेजारचाही तेच करतो आहे, हे दिसतं. घरच्या टीव्हीसमोर एकट्याने अक्षता टाकून पाहा, म्हणजे फरक कळेल.

याची उलट बाजू मुंबईने पाहिली आहे. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबई सेंट्रलसमोरच्या मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’चा पहिला खेळ झाला. आज ज्याला ‘थीम’ म्हणतात, त्याचा कळस त्या रात्री झाला. निमंत्रणपत्रं बादशाही फर्मानासारखी गुंडाळलेली, सिनेमाची रिळं सजवलेल्या हत्तीवरून आलेली, थिएटरचं दालन मोगल महालासारखं नटवलेलं. शीशमहालाचा सेटसुद्धा तिथे आणून मांडला होता. पण त्या सगळ्या थाटापेक्षा मला बाहेरची रांग मोलाची वाटते. लोक तिकिटासाठी तीन-तीन, चार-चार दिवस रांगेत बसून होते आणि घरची माणसं त्यांना तिथे जेवण पोचवत होती. हत्ती एका रात्रीपुरता होता. रांगेतल्या माणसाला मात्र चटणी-भाकरीसह तो सिनेमा जन्मभर आठवला असणार.

त्याच थिएटरात २० ऑक्टोबर १९९५ पासून ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ चालू आहे. इथे ना सजावट झाली, ना खास जेवण. थिएटरने दोनच गोष्टी केल्या: तिकीट स्वस्त ठेवलं आणि सकाळचा एक खेळ धरून ठेवला. शेजारी एसटीचं आगार, समोर रेल्वे स्टेशन. गाडीला तीन तास अवकाश असलेला माणूस इथे येऊन बसतो. बसायला जागा नसलेली प्रेमी जोडपीही येतात. नेहमीचे लोक कुठल्या गाण्याला शिट्टी द्यायची ते नवख्यांना न सांगता शिकवतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये, हजार आठवडे उलटून गेल्यावर, खेळ थांबवायचं ठरलं. लोकांनी इतकी ओरड केली, की दोन-चार दिवसांत तो पुन्हा लावावा लागला. सिनेमा कुणाच्या मालकीचा झाला होता, ते त्या आठवड्यात कळलं.

आता खाण्याच्या धंद्याकडे वळू. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९९७ साली अलामो ड्राफ्टहाऊस हे थिएटर निघालं. खुर्चीपुढे अरुंद टेबल असतं. काय हवं ते बोलायचं नाही, कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, अशी तिथली अनेक वर्षांची पद्धत होती, आणि वाढपी अंधारात वाकून ताट ठेवून जातो. तिथे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग ओळीने लावून, त्यातल्या खादाड हॉबिट मंडळींच्या दिवसभराच्या जेवणांप्रमाणे एकेक पान वाढण्याचा सोहळा झालेला आहे. बोलणाऱ्याला बाहेर काढणारं हे थिएटर संवाद एकसुरात म्हणण्याचे खेळही स्वतःच ठेवतं. गप्प बसायचा दिवस वेगळा, ओरडायचा दिवस वेगळा. हा शहाणपणा घेण्यासारखा आहे. अंधारात वाकणारा वाढपी मात्र आपण घ्यायचं कारण नाही. त्यांच्या सिनेमाला मध्यंतर नसतं, म्हणून त्यांच्यावर ती कसरत येते.

आपल्याकडे मध्यंतर आहे, आणि ते पटकथेतच लिहिलेलं असतं. मध्यंतराची पाटी एखाद्या धक्क्यावर पडते, दिवे लागतात, आणि सगळा हॉल एकाच वेळी भुकेला आणि बोलका होतो. दादरच्या शिवाजी मंदिरात मध्यंतराचा बटाटेवडा हा नाटकाचाच एक प्रवेश समजला जातो. पहिला अंक कसा रंगला याचा निकाल तिथे, गरम वडा एका हातातून दुसऱ्या हातात खेळवत लागतो. कँटीनवाल्याचं कसबही तिथेच दिसतं. पंधरा मिनिटांत शेकडो माणसं आटपायची, म्हणजे घाणा पडदा पडायच्या आधी उतरायला हवा आणि वडा गार व्हायच्या आत हातात पडायला हवा. सिनेमा आणि जेवण यांची सांगड घालणाऱ्याने पहिला अभ्यास करायचा तो या पंधरा मिनिटांचा. पदार्थाचं बारसं नंतर करता येईल.

मल्टिप्लेक्सने या पंधरा मिनिटांची दुकानदारी केली. मोठ्या साखळ्यांच्या उत्पन्नात खाण्यापिण्याचा वाटा साधारण तिसरा हिस्सा असतो. बाहेरचं खाणं अडवण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी मान्य केला, पिण्याचं पाणी फुकट द्या आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नका, एवढ्या अटींवर. सुनावणीत तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलेबीचं उदाहरण दिलं: कुणी जिलेबी आणून चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर सफाईचा खर्च कोण करणार? व्यवहाराच्या दृष्टीने बिनतोड. पण ‘जय संतोषी माँ’च्या बायांना याच नियमाने दारात अडवलं असतं, तर गूळ-चणे बाहेर राहिले असते आणि कदाचित बायाही.

मग मराठीत अशी रात्र कोणत्या सिनेमाची करावी? माझं मत विचाराल तर ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगांवकरांचा १९८८चा हा सिनेमा आधीच लोकांच्या तोंडात आहे. धनंजय माने कुठे राहतात, हा प्रश्न अर्धवट विचारला तरी उरलेला अर्धा समोरून येतो. ‘शोले’ असा पाठ व्हायला पॉलिडोरने काढलेल्या संवादांच्या तबकड्यांनी हातभार लावला होता आणि पुढे गब्बरने ग्लुकोज बिस्किटंही खपवली. ‘बनवाबनवी’ तसल्या टेकूशिवाय पाठ झाला. हिंदी असला तरी ‘तुंबाड’ही मोहात पाडतो. २०१८ला तो जेमतेम चालला आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावलं. पण त्याच्या रात्री ताटात त्या सिनेमातली पिठाची बाहुली वाढणाऱ्याच्या हातचं मी तरी खाणार नाही.

लोकांनी सामील व्हायचं कसं, हे गोडदेवला शिकवावं लागणार नाही. आगरी हळदीची रात्र ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक आहे, की इथे गाणं सुरू झाल्यावर बसून राहणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं. अडचण आहे ती कागदांची. घरच्या ओटीटीच्या वर्गणीवर हॉलमध्ये सिनेमा दाखवता येत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, जागेला आणि स्वयंपाकाला परवाने लागतात. थिएटरसाठीची डिजिटल प्रत तर कुलूपबंद येते आणि तिची किल्ली नेमून दिलेल्या वेळेपुरतीच चालते. बर्गरला नाव शोधण्यात घालवलेला अर्धा तास या कागदांवर घालवावा.

तेव्हा गोडदेवमध्ये किंवा आणखी कुठे असा बेत करणाऱ्यांना माझं सांगणं असं. एकच सिनेमा निवडा आणि महिन्यातला एकच वार नि एकच वेळ धरून ठेवा. तिकीट इतकंच ठेवा, की माणूस दुसऱ्यांदा येताना विचार करणार नाही. मध्यंतरात एकच पदार्थ द्या, पण गरम द्या. ओरडायचा खेळ असेल तर तसं पाटीवर लिहा, म्हणजे शांतपणे पाहणारा चुकून आत येणार नाही. आणि कुणी घरून डबा, तांदूळ किंवा फुलं घेऊन आलं, तर त्याला दारात अडवू नका. झाडू मारायला दोन माणसं जास्त ठेवा.