उत्तराला लागणारा वेळ

डोक्याला मार लागलेला माणूस घरी येतो. जखम भरते, चालतो, जेवतो. पण "चहा घेणार का?" म्हटलं तर उत्तर यायला वेळ लागतो. मग घरातलंच कुणी म्हणतं, "आळशी झालाय बघा."

हा वेळ मोजता येतो. कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने रेघेने जोडायला सांगतात, घड्याळ लावून. न्यूझीलंडच्या डोरोथी ग्रोनवॉल यांनी १९७० च्या दशकात दुसरी चाचणी वापरली: दर काही सेकंदांनी एक आकडा ऐकवायचा, तो आधीच्या आकड्यात मिळवून सांगायचा. बेरीज येत असते, वेग पुरत नाही.

तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे चार टप्पे आहेत: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. आधी चाहूल, मग शोध, मग निश्चय, मग लक्षात ठेवणं. आपलं हे सगळं झटकन होतं, म्हणून टप्पे जाणवत नाहीत. त्याला एकेक पायरी चढावी लागते.

मग मोजायचं कशाला? मोजावंच. गाडी चालवावी की नाही हे अंदाजाने ठरवू नये. ब्रेक लावायला उशीर झाला तर दुसऱ्याचा जीव जाईल. "आळशी" हा डागही त्या आकड्याने पुसला जातो. पण तोच आकडा दाखवून घरच्या व्यवहारात त्याला विचारणंच बंद केलं, तर तो अन्याय. ज्ञानावरण म्हणजे झाकण. जीवाचं ज्ञान नाहीसं होत नाही, असंच आपण मानतो ना?

पाणी गाळून पिणाऱ्या आपण, त्याचं वाक्य मात्र अर्ध्यात तोडतो. चहाचं विचारलंय ना, मग उत्तर येईपर्यंत थांबायचं.