दगड कोणाच्या नावावर?

आमच्या गावच्या वाड्याच्या दरवाजावर एक पाटी लावायची आहे. तिचा मजकूर तुम्ही लिहून द्या, असे घरातल्या मंडळींनी मला सांगितले त्याला आता वर्ष होऊन गेले. चार ओळींचे काम. ज्याचे सारे आयुष्य बँकेच्या कर्जखात्यात टिपणे लिहिण्यात गेले त्याला चार ओळींचे ते काय! परंतु त्या चार ओळींनी मला जेवढे छळले, तेवढे एखाद्या बुडीत खात्यानेही कधी छळले नव्हते.

वाडा पुरंदरच्या बाजूला आहे. दोन चौकी, खाली घडीव चिऱ्यांचे जोते, वर सागवानी तुळया. माझ्या पणजोबांनी तो १८९६-९७ च्या दुष्काळात बांधला. पणजोबा सावकारी करीत. आता माझ्या पुतण्याने वाडा दुरुस्त करून तिथे शहरच्या पाहुण्यांना चार दिवस राहण्याची सोय केली आहे. पाटीचा कच्चा मजकूरही त्यानेच केला होता : 'दुष्काळात गावाला अन्न व काम मिळावे म्हणून आमच्या पूर्वजांनी हा वाडा बांधला.' आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगत आले आहेत. आजी सांगे, वडील सांगत, मीही माझ्या मुलांना सांगितली. तेव्हा मजकुरात बदल करण्याजोगे मला काही दिसले नाही. "भाषा जराशी सफाईदार करून देतो," असे म्हणून मी तो कागद खिशात ठेवला, आणि तो तसाच खिशात असताना आम्ही उभयता समरकंद-बुखाऱ्याच्या सहलीला निघालो.

सहल म्हणजे मराठी सहल. बत्तीस माणसे, त्यांत निम्मे निवृत्त. प्रत्येकाच्या पिशवीत चिवडा. दिल्लीहून विमानाने ताश्कंद गाठायला तीन तास पुरतात. ज्या वाटेने पूर्वी काफिले महिने महिने चालत, ती वाट आम्ही एक डुलकी काढून संपवली. आमच्याबरोबर तिथली एक तरुण मुलगी माहिती सांगायला होती. ती हिंदी उत्तम बोले. बाजार, दुकान, मेवा, शहर, दरवाजा हे सारे शब्द त्यांच्याही भाषेत थोड्याफार फरकाने तेच आहेत, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितले आणि आमच्या बायकांची तिच्याशी गट्टी जमली.

ताश्कंदला आम्ही प्रथम लालबहादूर शास्त्रींच्या पुतळ्याला हार घातला. १९६६ च्या जानेवारीत शास्त्रीजी तिथेच गेले. तिथून बस एका मोठ्या चौकात आली. मधोमध घोड्यावर बसलेला एक पुरुष. "आमचे अमीर तैमूर," मुलगी अभिमानाने म्हणाली. बसमध्ये एकदम शांतता पसरली. मग मागच्या बाकावरच्या एक निवृत्त शिक्षिका सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा तर आपला तैमूरलंग!"

'आपला' हा शब्द त्यांनी कोणत्या अर्थाने वापरला हे त्यांनाच ठाऊक. पण तेव्हापासून आमच्या सहलीत दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे, ज्याने १३९८ च्या डिसेंबरात दिल्ली लुटली आणि लढाईच्या आधी बंदिवान केलेली माणसे सरसकट कापली, त्याच्या इमारतींपुढे उभे राहून आपण 'वा वा' करायची हे आपल्याला शोभत नाही. इतिहासकारांनी त्या बंदिवानांचा एक लाखाचा आकडा दिला आहे. तो फुगवलेला धरला तरी जे उरते ते काही थोडे नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, सहाशे वर्षांपूर्वीचे मढे उकरून काय मिळवायचे? इतके पैसे भरून आलो आहोत ते सुंदर वस्तू पाहायला. त्या पाहाव्या आणि घरी जावे. मी कोणत्याच पक्षात नव्हतो. दोन्ही पक्षांच्या पिशव्यांतला चिवडा मात्र खात होतो.

समरकंदला बिबी खानमच्या मशिदीपाशी आलो तेव्हा ही अलिप्तता टिकेना. दिल्लीहून परतताच तैमूरने १३९९ मध्ये ही मशीद बांधायला घेतली आणि पाचएक वर्षांत पुरी केली. घाईत उभे केलेले ते प्रचंड काम लवकरच खचू लागले, १८९७ च्या भूकंपात आणखी कोसळले. आज आपण पाहतो त्यातला बराच भाग विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराचा आहे. तरीही त्या कमानीखाली उभे राहिले आणि वर पाहिले की, त्या निळ्या घुमटापुढे आपली सगळी मते क्षणभर गप्प होतात. माझ्या बायकोने माझा हात धरला. "अहो, काय सुंदर आहे हो!" ती म्हणाली. मलाही तसेच वाटले, आणि तसे वाटल्याची लगेच लाजही वाटली.

कारण हे काम कोणी केले ते मी घरून वाचून आलो होतो. दिल्लीच्या कत्तलीत कारागीर वाचले. दयेने नव्हे, उपयोगासाठी. पाथरवट तर तैमूरने या मशिदीसाठी खास आपल्याकडे राखून ठेवले. त्याच्या इतिहासकाराने ९५ हत्ती चिरे ओढीत होते अशी नोंद केली आहे. पुढे बाबराने त्याच ग्रंथाचा हवाला देऊन लिहिले आहे की, आझरबैजान, फार्स, हिंदुस्थान इत्यादी देशांचे २०० पाथरवट तैमूरच्या कामावर होते. माझ्याकडे मात्र एकट्या आग्र्यातच रोज ६८० राबतात! म्हणजे बढाई मारायची ती पाथरवटांच्या आकड्याची. नाव एकाचेही नाही.

मी त्या मुलीला विचारले, "या पाथरवटांविषयी तुम्ही काहीच सांगितले नाही?"

ती रागावली नाही. म्हणाली, "काकाजी, माझी आजी शाळेत होती तेव्हा तैमूर म्हणजे जुलमी राजा असे पुस्तकात होते. मी शाळेत गेले तेव्हा तो राष्ट्रपुरुष झाला होता. ताश्कंदला त्याचा पुतळा १९९३ साली बसवला. त्या जागी आधी कार्ल मार्क्सचे डोके होते. आजी आणि मी एकाच घरात राहत होतो. मी कोणाचे सांगू?" मग थोडे थांबून तिने विचारले, "तुमच्याकडे ताजमहाल दाखवताना गवंड्यांची नावे सांगतात का? आणि तुमच्या स्वतःच्या गावी?"

शेवटचा प्रश्न तिने सहज विचारला होता. पण माझ्या खिशात तो कागद होता.

दुसऱ्या दिवशी उलुघ बेगची वेधशाळा पाहिली. हा तैमूरचा नातू. त्याने १०१८ ताऱ्यांची यादी केली, आणि १४४९ साली पोटच्या मुलाच्या हुकमावरून त्याचा शिरच्छेद झाला. त्याची कोष्टके तीन शतकांनी आपल्याकडे जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या उपयोगी पडली. मी मनात म्हटले, बघ, आजोबांनी दिल्लीहून माणसे ओढून नेली आणि नातवाने हिंदुस्थानला तारे पाठवले, फिट्टंफाट झाली. पण बँकेतल्या सवयीने लगेच शंका घेतली : ज्यांचे देणे होते त्यांच्या खात्यात हे तारे जमा झाले का? ज्याचे घर गेले तो पाथरवट वेगळा आणि ज्याला कोष्टके मिळाली तो राजा वेगळा. एकाचे देणे दुसऱ्याला देऊन खाते बंद करता येत नाही. इतिहासात मात्र आपण हे सर्रास करतो आणि त्याला 'कालाचा न्याय' असे गोंडस नाव देतो.

बुखाऱ्यात सोळाव्या शतकातले छताचे बाजार आहेत. एकाचे नाव 'तोकी सर्राफोन'. नाव ऐकताच आमची सगळी मंडळी ओरडली, "सराफ!" खरेच, तो सराफांचा घुमट. नाणी बदलून देणारे, व्याजाने पैसे लावणारे तिथे बसत आणि त्यांत मुलतान-शिकारपूरकडचे हिंदू पुष्कळ असत. १८३२ साली बुखाऱ्यास गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सला तिथे तीनेकशे हिंदू एका स्वतंत्र सराईत राहताना आढळले. हे ऐकून दोन्ही पक्षांत एकाएकी समेट झाला. इतक्या दूर, वाळवंटापलीकडे आपली माणसे! त्या निवृत्त शिक्षिकांनी तर भिंतीला प्रेमाने हात लावला.

मलाही आनंद झाला. पण तो फार टिकला नाही. हे सावकार केवळ शहरात बसत नसत, खेड्यांतल्या शेतकऱ्यांनाही कर्जे देत. दिल्लीच्या पाथरवटांसाठी काल हळहळणारे आम्ही, आज त्या उझबेक शेतकऱ्याची आठवणही न काढता सावकाराचे कौतुक करीत होतो. तैमूर त्या मुलीचा होता म्हणून तिची वाचा अडली. सराफ आमचे होते म्हणून आमची. दुसऱ्याच्या पूर्वजांचा हिशेब तपासताना डोळ्यांत तेल घालायचे आणि आपल्या पूर्वजांचा आला की चष्मा सापडेनासा व्हायचा, हा माणसाचा धर्मच दिसतो.

पुढे खिव्याला गेलो. तिथला गुलामांचा बाजार रशियन फौजा आल्यावर १८७३ साली बंद झाला. ते तारखेने ऐकले आणि मी मनाशी हिशेब केला : त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, आमच्याच मुलखात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली होती. आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी आमचा वाडा उभा राहिला.

घरी परतलो तो दिवाळी तोंडावर. दर वर्षी लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे चौरंगावर एक जुनी वही ठेवतात; पणजोबांच्या वेळची, लाल कापडात बांधलेली. चार पिढ्या तिला हळदकुंकू वाहत आल्या. उघडली मात्र कोणी नव्हती. वडिलांनी लहानपणी शिकवलेली मोडी मला अडखळत का होईना वाचता येते. त्या रात्री पूजा आटोपल्यावर, मुले अंगणात भुईनळे लावीत असताना, मी ती सोडली.

त्यात सगळे होते. वाड्याच्या कामावर आलेल्या एकेका माणसाचे नाव. किती दिवस, कोणते काम, चिरे किती. दिवसाला शेरभर ज्वारी, आणि उरलेली मजुरी व्याजापोटी वळती. पानाच्या शेवटी बाकी. आणि काही नावांपुढे, बाकी फिटेना म्हणून, जमिनीचा गट. आजी सांगत असे ते खोटे नव्हते. दुष्काळात शेरभर ज्वारी मिळाली म्हणून माणसे जगली हे खरे. ती जगली आणि त्यांच्या जमिनी आमच्या झाल्या, हेही तितकेच खरे. आम्ही अर्धेच वाक्य पाठ केले होते.

एक गोष्ट मात्र मनात आली. समरकंदच्या पाथरवटांची नावे कोणी लिहिली नाहीत, कारण बादशहाला त्यांच्याकडून काही वसूल करायचे नव्हते. सावकाराने प्रत्येक नाव लिहिले, कारण त्याला करायचे होते. पणजोबांच्या लोभाने का होईना, ती माणसे कागदावर उरली होती. तेव्हा पाटीवर ती नावे लिहावी असे मी ठरवले.

पुतण्याला हे रुचले नाही. "काका, लोक चार दिवस मजेत राहायला येतात. त्यांना दारातच दुष्काळ कशाला दाखवायचा?" त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, समरकंदला आमचा निम्मा पक्ष हेच म्हणत होता. पण माझी खरी अडचण दुसरीच होती. त्या नावांची नातवंडे-पतवंडे गावातच आहेत. त्यांच्या आजोबांचे कर्ज वेशीवर टांगण्याचा मला काय अधिकार?

म्हणून मी विचारायला गेलो. ज्यांच्या आजोबांच्या नावापुढे ४० चिरे लिहिले आहेत असे एक वृद्ध गृहस्थ, आमच्या गावचे तात्या, ओट्यावर बसले होते. मी वहीचे पान वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाव लावा की, भाऊ. पर कर्जाचं काय लिवू नका. कर्ज ऱ्हाऊ द्या तुमच्या वहीत. दगड तेवढा आमच्या नावावर लावा."

परतताना मी विचार करीत होतो की, सगळ्या सहलीभर मी ज्या प्रश्नाशी झोंबत होतो तो मुळात चुकीचा मांडला होता. सुंदर वस्तूच्या पाठीमागे पाप असेल तर तिच्यावर प्रेम करावे की नाही, असे मी विचारीत होतो. जणू माझ्या प्रेमाने वा रागाने त्या पाथरवटाला काही मिळणार होते! तात्यांना माझा पश्चात्ताप नको होता. वाडा पाडायलाही नको होता. तो चांगला बांधला आहे याचा त्यांना, मला वाटते, माझ्याहून अधिक अभिमान आहे. त्यांना हवा होता तो आपल्या आजोबांचा त्यातला वाटा. घुमट निळा आहे तो निळाच राहील. तो कोणाचा, एवढेच आपल्या हाती आहे.

पण तात्यांच्या शब्दातही मला एक पळवाट दिसत होती आणि ती आमच्या सोयीची होती. कर्ज लिहायचे नाही म्हणजे पुन्हा अर्धेच वाक्य. दोन रात्री झोप आली नाही. शेवटी मजकूर लिहिला तो असा : 'हा वाडा १८९६-९७ च्या दुष्काळात पुढील माणसांनी बांधला.' खाली ३१ नावे. प्रत्येकापुढे त्याचे काम. आणि शेवटी एक ओळ : 'मजुरी : दिवसाला एक शेर ज्वारी.' कर्ज त्यांचे होते, ते त्यांच्या नातवाच्या इच्छेप्रमाणे लिहिले नाही. मजुरी आम्ही दिलेली. ती लिहिण्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

पणजोबांचे नाव पाटीवर कुठे घालायचे, यावरून घरात अजून वाद चालू आहे. या दिवाळीला वही पुन्हा चौरंगावर येईल. यंदा ती उघडी ठेवावी, असे माझ्या बायकोचे म्हणणे आहे.