आधी भवानी

पुण्यात येणाऱ्या पाहुण्याला हल्ली शनिवारवाड्याच्या जोडीनं मंडईही दाखवतात. दहा-बारा जणांचा गट, माहिती सांगायला एखादा मुलगा किंवा मुलगी, दोन-अडीच तासांची पायपीट आणि अध्येमध्ये खाणं. तिकीट हजार-दीड हजारांच्या घरात. ‘फूड वॉक’ हे नाव आता सगळ्यांना ठाऊक झालंय. मी खाद्यफेरी म्हणतो. श्रावणातल्या एका सकाळी महात्मा फुले मंडईतल्या अशा एका फेरीला मीही गेलो होतो, आणि तिथं ऐकलेलं एक वाक्य अजून मनातून जात नाही.

फेरी चांगली होती. माहिती देणाऱ्या मुलीचा अभ्यास पक्का होता. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरणारा बाजार 1886 साली या दगडी, अष्टकोनी इमारतीत आला. वासुदेव बापूजी कानिटकरांनी ती बांधली. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट नाव पडलं, हे सगळं तिनं मनोऱ्याकडे बोट दाखवत नेमकं सांगितलं. मग आत शिरलो. उंचावर बसलेले गाळेवाले, त्यांच्यापुढे रचलेली वांगी-भोपळे-तोंडली, ओल्या कोथिंबिरीचा वास.

बाहेरच्या बाजूला पोतं अंथरून एक वयस्क बाई रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. टाकळा, भारंगी, कर्टुली. मुळशीकडून पहाटे निघून आल्या होत्या. आमच्या गटानं त्यांच्याभोवती कडं केलं. कुणी कर्टुलं उचलून हुंगलं, कुणी भारंगीचं पान चुरगळून पाहिलं, चार-पाच मोबाइल एकदम त्यांच्या तोंडासमोर आले. बाईंनी पदर सारखा केला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “आधी भवानी होऊ द्या पोरांनो. मंग काढा काय काढायचे ते फोटू.”

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. वाटाड्या मुलीनं लगेच पुढं होऊन कर्टुल्यांचा एक वाटा घेतला, पैसे दिले. बाईंनी नोट कपाळाला लावली, टोपलीतल्या भाजीला टेकवली. मग त्या पाव तास बोलल्या, अगदी मोकळेपणानं. टाकळ्याची पानं किती कोवळी असताना खुडायची, भारंगीचा कडूपणा घालवायला ती कशी उकडून पिळून घ्यायची, कर्टुल्याच्या बिया जून झाल्या की त्या काढून का टाकायच्या. आमच्यापैकी दोघी हे सगळं मोबाइलवर लिहून घेत होत्या.

त्या बाईंनी कुणाला हाकललं नाही, कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त क्रम लावून दिला. सकाळचा हा वेळ माझ्या पोटाचा आहे, तो आधी पाळा, मग तुमची हौस. मला हे फार न्यायाचं वाटतं. बाजार बघायला जाणाऱ्या प्रत्येकानं आधी हेच समजून घ्यायला हवं, कारण बाजार ही मुळात बघण्याची जागा नाही. शनिवारवाड्यात आता कुणी राहत नाही. मंडईत मात्र माणसं कामावर असतात, आणि आपण त्यांच्या कामाच्या मधोमध उभे राहून त्यांना बघत असतो.

चवीचंच घ्या. फळवाला सुरीनं पेरूची फोड काढून पुढं करतो, “खाऊन बघा, आवडला तर घ्या.” ही फोड तो गिऱ्हाइकाला देतो. आवडलं तर हा माणूस किलोभर नेईल, पुढच्या आठवड्यातही येईल, अशा भरवशावर देतो. फेरीतल्या माणसाला पेरू न्यायचा नसतो. त्याच्या हॉटेलच्या खोलीत ना चूल, ना विळी. तो फोड खातो, “वा!” म्हणतो आणि गटाबरोबर पुढं सरकतो. दहा-बारा फोडी गेल्या, पाच-सात मिनिटं गेली, आणि तेवढ्यात गर्दी बघून दोन नेहमीची गिऱ्हाइकं पलीकडच्या गाळ्यावर वळली. नुकसान इतकं लहान की त्याबद्दल बोलायचंही फळवाल्याला संकोचल्यासारखं होतं. म्हणून ते रोज होत राहतं.

हे आपल्याकडेच घडतंय असं नाही. बार्सिलोनातला बोकेरिया हा जगभर नावाजलेला जुना बाजार. पर्यटक इतके वाढले की घरासाठी मासळी-भाजी न्यायला येणाऱ्या बायकांना आत शिरणं कठीण झालं. 2015 मध्ये तिथल्या पालिकेला नियम करावा लागला की, पंधराहून मोठ्या गटांनी शुक्रवार-शनिवारी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत बाजारात यायचं नाही. तोवर कितीतरी गाळ्यांवर रोजच्या मालाच्या जागी प्लास्टिकच्या पेल्यातली कापलेली फळं आणि रस आले होते. गिऱ्हाईक बदललं तसा माल बदलला. मंडईचं तसं झालेलं नाही, आणि होऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण होणार नाही याची हमी त्या दगडी भिंती देणार नाहीत.

आता जरा ज्यांचं नाव या मंडईला आहे त्यांच्याकडे वळतो. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा या बाजाराच्या इमारतीवर होणाऱ्या मोठ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर आधी खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून पालिकेनं त्यांच्या स्वागताचा खर्च मांडला, तेव्हाही त्याला विरोध करणारे जोतीरावच होते. 1883 साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. ज्याच्या घामातून सगळ्यांचं ताट भरतं तोच कर्जात, अज्ञानात आणि उपासात कसा राहतो, याचा जाब त्यांनी त्यात सरकारी कचेऱ्यांना आणि भटशाहीला विचारला. पुढे 1938 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं.

फुल्यांचा खाद्यफेरीशी काय संबंध, असं कुणी विचारील. मला तर तो अगदी जवळचा वाटतो. 1888 साली ड्यूक ऑफ कॅनॉट, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव, पुण्यात आले होते. हरी रावजी चिपळूणकरांनी त्यांच्यासाठी मेजवानी ठेवली. शहरातले मातब्बर भरजरी पोशाखात, दागिन्यांनी मढून आले. जोतीराव आले ते साध्या शेतकऱ्याच्या वेशात. बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी पाहुण्याला सांगितलं की, इथे जमलेल्या या मंडळींवरून या देशाची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यापाड्यांत आहे, आणि तिच्या शिक्षणाची सोय करायला आपल्या आईला सांगा.

पाहुण्याला काय दाखवायचं, हा प्रश्न त्या पंक्तीत जोतीरावांनी कुणाचीही भीड न ठेवता सोडवला. आपण मंडई दाखवतो तेव्हा तोच प्रश्न आपल्यापुढं असतो. मनोरा दाखवणं सोपं, गव्हर्नराचं नाव सांगणं सोपं. कोथिंबिरीची एवढी मोठी जुडी पाच-दहा रुपयांना मिळते याचं पाहुण्याला भारी कौतुक वाटतं, आणि आपणही ते अभिमानानं सांगतो. ती इतकी स्वस्त पडली त्या दिवशी शेतकऱ्याच्या हातात काय पडलं असेल, हे त्याच दमात सांगणारी फेरी मला हवी आहे. ते सांगितल्यानं कुणाच्या तोंडची चव जात नाही. माझी तरी गेली नसती.

मालाची वाटही सांगावी. घाऊक बाजार मंडईतून केव्हाच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. शेतकरी माल आणतो, अडत्या विकतो, तोलणार तोलतो, हमाल पाठीवर वाहतो, किरकोळ विक्रेता पहाटे टेम्पोनं इथवर आणतो, आणि मग त्या भाजीचा आपण फोटो काढतो. या साखळीतला सर्वांत न दिसणारा माणूस हमाल. डॉ. बाबा आढावांनी नाना पेठेतला आपला दवाखाना चालवता चालवता पुण्यातल्या हमालांना एकत्र केलं, हमाल पंचायत उभी केली. 1969 साली राज्यात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा झाला, त्यामागे अशा संघटनांची झुंज होती. दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाला स्वस्तात पोटभर जेवता यावं म्हणून पंचायतीनं 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. नफा नको, तोटाही नको, या हिशेबावर चालणारं केंद्र. झुणका-भाकर, भाजी, गुडदाणी. भाकऱ्या थापणाऱ्या बायकांच्या हातालाही त्यातून काम मिळालं.

पुण्याच्या बाजाराची खाद्यफेरी काढायची आणि तिच्यात ही भाकर नसावी, हे मला समजत नाही. मस्तानी असते, मिसळ असते, बाकरवडी असते. ते सगळं असू द्या, मलाही आवडतं. पण ज्यांनी शहराचं अन्न पाठीवरून वाहिलं, त्यांनी स्वतःच्या जेवणाची सोय स्वतः कशी लावली, याहून सांगण्याजोगी खाण्याची गोष्ट या शहरात दुसरी कोणती आहे? पाहुण्यांना तिथं नेऊन बाकावर बसवावं, रांगेत उभं करावं, त्याच दरात त्याच ताटात जेवू घालावं. फक्त गर्दीची वेळ सोडून न्यावं. दुपारी हमालांची जागा पर्यटकांनी अडवली तर सगळंच उलटं होईल.

एका गोष्टीकडे मात्र मला पुन्हा यावंसं वाटतं, ती म्हणजे रानभाज्यांच्या त्या बाईंकडची माहिती. अळूचंच बघा. वडीला काळ्या देठाचं अळू लागतं, फदफद्याला दुसरं. नवख्यानं भलतंच पान नेलं तर घसा खाजून बेजार होतो. गाळ्यावरची बाई विचारते, “काय करायचंय, वडी का पातळ भाजी?” आणि मग हात घालून नेमकी गड्डी काढते, सोबत आंबट चुक्याची जुडी पुढं करते, “हा घाला, म्हणजे खाजणार नाही.” सुरणाचंही तेच, त्याला चिंच नाहीतर आमसूल. कोणती काकडी कडू निघेल, कोणतं वांगं भरताचं आणि कोणतं भरून करायचं, पावसाच्या कोणत्या टप्प्यात कोणती रानभाजी खावी आणि कोणती आता विषारी दिसतेय म्हणून टाकावी, हे त्यांना आई-आजीकडून आलेलं असतं. डोंगरात स्वतः चालून, खुडून, कधी चुकून शिकलेलं असतं. ते कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही. खाद्यफेरीत सांगण्यासारखं जे काही असतं त्यातलं निम्मंअधिक हेच असतं. इमारतीचा इतिहास पुस्तकात मिळेल. भारंगी कशी पिळायची ते त्या बाईंनीच सांगितलं म्हणून आम्हाला कळलं.

त्या ज्ञानाचं मोल कुणाला मिळतं? तिकिटाचे पैसे फेरी काढणाऱ्याला मिळतात. त्यात गैर काही नाही, त्याची मेहनत असते, अभ्यास असतो. लिहून घेणाऱ्यांपैकी कुणी पुढे पाककृती छापतं, कुणी व्हिडिओ करतं. बाईंना मिळतात एका वाट्याचे पैसे. त्यातही कुणीतरी म्हणतंच, “मावशी, जरा कमी करा की.” आमच्या गटातही एकानं म्हटलं. हजारांचं तिकीट काढताना ज्यानं भाव विचारला नव्हता, त्यानं दुसऱ्या एका गाळ्यावर मेथीच्या जुडीला पाच रुपये कमी करायला लावले. तिथल्या मावशींनी केले, वर दोन मिरच्याही टाकल्या.

त्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. बाजारात घासाघीस करायची असते असं आपणच पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय, आणि रोजच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी ती शोभतेही, कारण त्यात ओळख असते, उधारी असते, उद्याचं येणं असतं. एकदाच येऊन जाणाऱ्यानं तो हक्क सांगू नये, एवढंच माझं म्हणणं. फेऱ्या बंद व्हाव्यात असंही मला वाटत नाही. दहा मिनिटांत भाजी दारात येण्याच्या दिवसांत कुणाला तरी टाकळा हातात घेऊन बघावासा वाटतो, एखाद्या मुलाला शेंगदाणा जमिनीखाली लागतो हे इथं येऊन कळतं, हे चांगलंच आहे. मंडईत माणसं येत राहिली तरच मंडई टिकेल.

पण फेरी काढणाऱ्यांनी आपल्या हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवावा. गट लहान ठेवावा. सकाळची भवानी होऊन पहिली गर्दी ओसरली की मगच यावं. फोटो विचारून काढावा आणि नको म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नये. जिच्यासमोर दहा मिनिटं उभं राहून आपण ऐकतो, शिकतो, लिहून घेतो, तिला व्याख्यात्यासारखं मानधन द्यावं. सभागृहात तासभर बोलणाऱ्याला आपण पाकीट देतो ना, तसं, तिकिटाच्या पैशांतून, फेरी सुरू होण्याआधी ठरवून. आणि नंतर भाजी घ्यावी ती वेगळी, ती सांगेल त्या भावानं.