अपुऱ्या नाटकाचा हक्क

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात समुद्रकाठी वॉटरफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथे हॅमंड कुटुंबाची जुनी हवेली पडून होती आणि अग्निशमन दलाच्या सरावासाठी ती पेटवून द्यायचं घाटत होतं. जॉर्ज व्हाइट या नाट्यवेड्या तरुणाने ती जागा मागून घेतली आणि १९६४ साली तिथे नाट्यकेंद्र काढलं. शेजारच्या न्यू लंडनमध्ये युजीन ओनीलचं बालपण गेलं होतं, म्हणून केंद्राला नाव ओनीलचं. न्यूयॉर्कचा नाट्यहंगाम उन्हाळ्यात मंदावतो, नट मोकळे असतात. त्या दिवसांत नव्या नाटककारांना इथे बोलवायचं, त्यांची अजून पक्की न झालेली नाटकं नटांच्या तोंडून प्रेक्षकांसमोर आणायची, हा परिपाठ तेव्हापासून चालू आहे.

नाटक ‘बसलेलं’ नसताना लोकांना दाखवायचं, ही कल्पना आपल्याकडच्या पुष्कळांना पटत नाही. मला मात्र ती नाटकाच्या स्वभावाशी अगदी जुळणारी वाटते. कादंबरीकार टेबलाशी बसून कादंबरी पुरी करू शकतो. नाटककाराला ती सोय नाही. वाक्य कागदावर कितीही नेमकं असो, नटाच्या श्वासात ते बसतं का आणि समोरच्या अंधारातली माणसं ते ऐकताना सावरून बसतात की चुळबुळ करतात, हे घरी कळायला मार्ग नाही.

तिथलं काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. नेपथ्य नावापुरतं, तालमीला मोजके दिवस. नट संहिता हातात घेऊनच वावरतात, कारण पाठांतराची अपेक्षाच नसते. नाटककार रात्री जागून प्रवेश बदलतो आणि सकाळी नवी पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर येतात. त्यामुळे नटाच्या हातातलं बाड दिवसागणिक रंगीबेरंगी होत जातं. कुठला प्रवेश ठाम उभा आहे आणि कुठला अजून लेखकाला छळतोय, हे त्या रंगांवरूनच कळावं. पाठांतर नसल्याचा फायदाही मोठा आहे. पाठ केलेलं वाक्य कापलं तर नटाला दुखतं, वाचलेलं वाक्य कापायला कुणाची हरकत नसते.

जॉन ग्वेअर १९६६ साली ‘द हाउस ऑफ ब्लू लीव्हज’चा फक्त पहिला अंक घेऊन तिथे आला. पूर्ण नाटक न्यूयॉर्कच्या रंगमंचावर यायला १९७१ साल उजाडलं. ऑगस्ट विल्सनच्या सुरुवातीच्या संहिता केंद्राने नाकारल्या होत्या, तरी तो पाठवत राहिला. १९८२ साली ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ निवडलं गेलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात ‘फेन्सेस’. विल्सन मूळचा कवी. त्याची पात्रं बोलायला लागली की थांबत नसत. कुठे थांबवायचं, हे तो त्या उघड्या वाचनांतून शिकला. ‘फेन्सेस’ १९८५ साली येल रेपर्टरी या नाट्यसंस्थेत झालं, १९८७ साली ब्रॉडवेवर आलं आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. वॉटरफर्ड ते ब्रॉडवे, चार वर्षं. या चार वर्षांत कुणी विल्सनला ‘नाटक कधी लावताय?’ म्हणून पिडलं नाही, याचं श्रेय लॉइड रिचर्ड्स यांचं. १९६८ पासून तीन दशकं त्यांनी केंद्राचा हा उन्हाळी उपक्रम सांभाळला. येलमध्येही तेच होते आणि ‘फेन्सेस’ दिग्दर्शित करणारेही तेच. नव्या नाटकाला लागतो तो असा, वर्षानुवर्षं पाठीशी उभा राहणारा जाणकार माणूस.

या पद्धतीचा धोकाही आहे. वाचनामागून वाचनं होत राहतात, प्रत्येक जण सूचना करतो, लेखक सगळ्यांचं ऐकत बसतो आणि नाटक गुळगुळीत होऊन फायलीत पडतं. वाचन हे प्रयोगाला पर्याय ठरू लागलं, तर ते न झालेलंच बरं.

नाटक असं घडवत नेणं आपल्याकडे अगदीच नव्हतं असं नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं बेणारेचं शेवटचं स्वगत तेंडुलकरांनी दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून लिहिलं. ज्या स्वगतासाठी ते नाटक आज ओळखलं जातं, ते आधीच्या संहितेत नव्हतं. पुण्याच्या थिएटर अकादमीने सतीश आळेकरांच्या पुढाकाराने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककारांसाठी योजना राबवली. मुंबईत रेज या संस्थेने लंडनच्या रॉयल कोर्टबरोबर ‘रायटर्स ब्लॉक’ घडवून आणलं. त्यातून मराठी लेखकही पुढे आले. पण अनुदान संपलं किंवा माणसं पांगली की असं काम थांबतं.

आपण खरं बळ लावलं ते स्पर्धांना. राज्य नाट्य स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, गावोगावच्या एकांकिका स्पर्धा. यांनी महाराष्ट्राला नट दिले, दिग्दर्शक दिले, लेखक दिले. हे ऋण मी मानतो. परंतु स्पर्धेत नाटक उतरतं ते निकालासाठी. परीक्षक गुण देतात, करंडक एकाला मिळतो, बाकीच्यांची बाडं कपाटात जातात. ज्या एकांकिकेत चांगल्या दोन अंकी नाटकाचं बीज होतं, तिला दुसरं वाचन मिळत नाही. भर म्हणून आपल्याकडे प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते ठरलेल्या संहितेला मिळतं. रोज बदलणाऱ्या पानांना या व्यवस्थेत जागा कुठे आहे? व्यावसायिक निर्मात्याला दोष देऊन उपयोग नाही. नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, नटांची नाइट हे सगळं अंगावर घेऊन तो शुभारंभाच्या प्रयोगाला उभा असतो. शिकण्याचा खर्च त्याने सोसावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून अशी वाचनं आपल्याकडेही वेगळी भरवायला हवीत. आपला उन्हाळा त्यासाठी कामाचा नाही. मे महिना म्हणजे सुट्ट्यांचा आणि दौऱ्यांचा. पावसाळ्यात मात्र दौरे आटतात. जुलैचे दोन आठवडे, एखाद्या शाळेचं सभागृह, पाच संहिता, मानधन घेऊन वाचणारे कसलेले नट आणि प्रत्येक लेखकामागे एक जाणता वाचक, एवढ्यावर हे उभं राहू शकतं. अट एकच: बक्षीस नको आणि वर्तमानपत्री परीक्षणही नको. नाट्य परिषदेच्या शाखांनी, विद्यापीठांच्या नाट्यविभागांनी आणि स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी करंडकाच्या खर्चातला थोडा वाटा याकडे वळवावा. आणि प्रेक्षकांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, तिकीट काढून अपुरं नाटक ऐकायला जावं. आवडलं की नाही हे लगेच सांगू नये. कुठे कान टवकारले आणि कुठे लक्ष उडालं, एवढंच लेखकाला सांगावं.