मागची तारीख

1938च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडने ऑस्ट्रियातून पळून येणाऱ्या ज्यूंना सीमा बंद केली. सांक्ट गालेन प्रांताचे पोलीसप्रमुख पॉल ग्रुनिंगर यांनी तरीही शेकडो माणसांना आत घेतले आणि ती बंदीच्या आधीच आली होती असे दिसावे म्हणून कागदांवर मागच्या तारखा घातल्या. 1939मध्ये त्यांची नोकरी गेली, पुढे कोर्टाने त्यांना दोषीही ठरवले. ते खोटे बोलणे पाप होते का? महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक सत्याच्या व्रतापायी दरोडेखोरांना लपलेल्यांची वाट सांगतो आणि नरकात जातो. उलट तत्त्वज्ञ कांटच्या मते खुन्याशीसुद्धा खोटे बोलू नये. मन साहजिकच कौशिकाच्या कथेकडे झुकते, पण ती इथे सरळ लागू पडत नाही. ग्रुनिंगर दरोडेखोरांशी खोटे बोलले नाहीत. ज्याची शपथ घेतली होती, त्या आपल्याच लोकशाही सरकारशी बोलले.

पण ते सरकार तारीख विचारत होते ती कशासाठी? बंदीनंतर आलेल्याला परत धाडण्यासाठी. त्याच वर्षी स्विस सरकारशी वाटाघाटी झाल्यावर जर्मनीने ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’चा शिक्का मारायला सुरुवात केली, म्हणजे कोणाला अडवायचे ते सीमेवर लगेच कळावे. स्वतः कोणाला न मारणाऱ्या राज्याने मारणाऱ्याची निवडयादी अशी वापरायला घेतली. ऑशविट्झ तेव्हा कोणाला ठाऊक होते, हा बचाव तोकडा आहे. व्हिएन्नातल्या ज्यूंना त्या वसंतापासूनच डाखाऊच्या छळछावणीत नेले जात होते. परत धाडणे म्हणजे काय, हे कळायला तेवढे पुरे होते.

खरी अडचण वेगळीच आहे. प्रत्येक अधिकारी आपल्या विवेकाने तारखा बदलू लागला, तर उद्या दुसरा कोणी त्याच विवेकाच्या नावाने दार लावील. ग्रुनिंगरांनी किंमत स्वतः मोजली, हे याला उत्तर होत नाही; माथेफिरूही ती मोजतो. माझ्या मते कसोटी चूक दुरुस्त होण्याची आहे. चुकून आत घेतलेल्या माणसाबद्दल सरकार नंतर फेरविचार करू शकते, डाखाऊला गेलेल्याबद्दल नाही. दार लावणाऱ्याला म्हणूनच हा विवेक उसना घेता येत नाही. ग्रुनिंगरांवरचा निकालसुद्धा 1995मध्ये सांक्ट गालेनच्याच कोर्टाने फिरवला, ते वारल्यावर 23 वर्षांनी.