नश्वर म्हणून सोडून द्यायचे?

जगातील सारे काही नश्वर आहे, मग एखादी जुनी वास्तू नाहीशी झाली तर शोक कशाला करायचा? अध्यात्माची आवड असलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न येतो. तो टाळण्यासारखा नाही.

एक अगदी साधी वस्तू घेऊ या : कोसमिनार. मुघलकाळी आग्रा, दिल्ली, लाहोर यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर दर कोसाला, म्हणजे साधारण तीन किलोमीटरवर, विटांचा एक भरीव मनोरा उभारलेला असे. त्यावर ना मूर्ती, ना कोरीवकाम. वाट बरोबर आहे आणि आणखी एक कोस सरला, एवढेच तो वाटसरूला सांगे. हरियाणात फरिदाबादजवळ मुजेसर येथे असा एक मिनार होता. केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीतही होता. आज तो सापडत नाही. २०२४ मध्ये त्याचे नाव यादीतून वगळण्याची अधिसूचना निघाली.

तो एकटाच नव्हे. संस्कृती मंत्रालयाने २०२२ च्या अखेरीस संसदीय समितीला दिलेल्या माहितीनुसार ३,६९३ संरक्षित स्मारकांपैकी ५० नाहीशी झाली. १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ जलाशयांत बुडाली आणि २४ चा पत्ताच लागत नाही. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. ती जात असताना कोणाचे लक्षच नव्हते.

आता आंध्रातील नागार्जुनकोंडा आठवा. कृष्णेवरील धरणात इक्ष्वाकूंची प्राचीन राजधानी बुडणार हे ठरल्यावर तेथे १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे उत्खनन झाले. निवडक अवशेष टेकडीवर नेऊन पुन्हा रचले गेले. ती टेकडी आज बेट आहे. दरी गेली, शेतांना पाणी मिळाले. काय जाते आहे हे आधी पाहिले, नोंदले आणि मग सोडले. याला त्याग म्हणता येईल. मुजेसरला काय म्हणाल?

स्वतःच्या वस्तूवरची आसक्ती आपण खुशाल सोडावी. पण शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव हरवून कोणी ‘सगळी मायाच आहे’ म्हणू लागला, तर त्याला आपण विरक्त म्हणू का? कोसमिनार ही अशीच, पुढच्या वाटसरूची ठेव होती.

आपल्या भागातील वेस, बारव, धर्मशाळा यांची नावे तर बहुधा कोणत्याच यादीत नसतील. आपण बडोद्यात असा, इंदुरात असा किंवा कालच बेंगळुरूला राहायला गेलेले असा, तेथील एखाद्या वृद्ध रहिवाशाला विचारा : या चौकाला हे नाव कशावरून पडले? येथे पूर्वी काय होते? जे सांगतील ते तारीख घालून वहीत उतरवा आणि जाताना मुलांनाही सोबत न्या.